नोट जाणार का? फोनमधला पैसा आणि आपला बुलढाणा जिल्हा

कुठून ऐकताय? एसटीत असाल, होस्टेलवर असाल, नाहीतर शेतात असाल. फवारणी चालू असेल तर आधी ती आटपा, हातपाय धुवा, मग निवांत ऐका.

आजचा विषय आहे पैसा. म्हणजे कमवायचा कसा ते नाही, ते मलाही कुणीतरी सांगा. आज बोलायचंय ते यावर, की नोटा हळूहळू जाणार आणि सगळा पैसा फोनमध्येच राहणार असं जे म्हणतात, ते खरं आहे का? आणि तसं झालं तर आपल्या जिल्ह्यात कुणाचं काय होईल?

माझी बाजू आधीच सांगतो. मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर बुलढाणा जिल्ह्यात. महिनोन्महिने माझ्या पाकिटात शंभराची एकच नोट पडून असते. त्यामुळे डिजिटल पैशाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण सिस्टिम बनवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कुठलीही सिस्टिम समोर आली की तो आधी विचारतो, ही बंद पडली तर काय? आज तोच प्रश्न पैशाला विचारू.

सुरुवात आकड्यांनी करू, दोनच आकडे. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला जाहीर झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. रुपये नाही बरं, व्यवहारांची संख्या! आता दुसरा आकडा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली, तेव्हा देशात चलनात असलेल्या नोटांची किंमत साधारण पावणेअठरा लाख कोटी रुपये होती. मार्च २०२४ च्या शेवटी ती जवळपास ३५ लाख कोटी झाली होती. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

गंमत बघा. फोनवरचे व्यवहार बेसुमार वाढले आणि नोटाही वाढल्या. चहा, रिचार्ज, पेट्रोल फोनवर गेलं. पण कपाटातली, धान्याच्या कोठीतली, साडीच्या घडीतली नोट काही गेली नाही. लोकांना वेड लागलंय म्हणून असं होत नाही. त्यामागे हिशोब आहे, आणि तो समजून घ्यायचा तर पैसा नेमका काय आहे ते बघावं लागेल.

पाचशेची नोट हातात घ्या. त्यावर धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचं वचन आहे आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या पट्टीत आपली मराठीही आहे. ही नोट म्हणजे रिझर्व्ह बँकेचं तुम्हाला असलेलं देणं. मध्ये कुणी नाही.

आता फोन उघडा, बॅलन्स बघा. समजा ८,२०० रुपये दिसतायत. हे काय आहे? हे तुमच्या बँकेचं तुम्हाला असलेलं देणं. बँक म्हणते, तुम्ही मागाल तेव्हा देऊ. स्कॅन करून तुम्ही चहावाल्याला दहा रुपये देता, तेव्हा नोट कुठेच हलत नाही. तुमच्या बँकेचं तुम्हाला असलेलं देणं दहाने कमी होतं आणि त्याच्या बँकेचं त्याला असलेलं देणं दहाने वाढतं. फोनमधला पैसा म्हणजे बँकेचा शब्द, एवढंच लक्षात ठेवा.

शब्द पाळला जातो, बहुतेक वेळा. पण नाही पाळता आला तर काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यात झालंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला काढता येणारी रक्कम १०,००० रुपयांवर आणली. पासबुकात आकडा कितीही असो, हातात येणार दहा हजार. जुलै २०२३ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून ती मर्यादा आहे, त्यामुळे छोट्या ठेवीदाराला त्याचा आधार मिळतो. पण लग्न पुढच्या आठवड्यात आणि पैसा निर्बंधात, ही अवस्था विम्याने सुटत नाही. आणि एक गोष्ट घरी जरूर सांगा. हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांच्या ठेवींना नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यातल्या चांगल्याही आहेत, पण हा फरक आपल्या आई-बाबांना माहीत असायला हवा.

हे झालं पैशाबद्दल. आता मशीनकडे येऊ, म्हणजे माझ्या कामाच्या भागाकडे.

तुम्ही क्यूआर स्कॅन केला की काय काय चालू असावं लागतं, मोजा. एक, तुमचा फोन, चार्ज असलेला. दोन, टॉवर आणि नेट. तीन, तुमचं अॅप. चार, तुमच्या बँकेचा सर्व्हर. पाच, मध्ये बसलेली एनपीसीआयची यंत्रणा. सहा, दुकानदाराच्या बँकेचा सर्व्हर. सात, दुकानदाराला खात्री देणारा त्याचा फोन किंवा तो बोलणारा डबा, साउंडबॉक्स. समजा यातला प्रत्येक दुवा शंभरातून ९९ वेळा बरोबर चालतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण साती दुवे एकाच वेळी चालायला हवेत. गुणाकार केला तर उत्तर येतं साधारण ९३. म्हणजे शंभरातल्या सात गिऱ्हाईकांचं पेमेंट अडकलं. प्रत्यक्षात यातले बरेच दुवे याहून खूप चांगले चालतात, तरी मुद्दा तोच. साखळी लांब झाली की ती तुटायच्या जागाही वाढतात.

आणि ती तुटते. २६ मार्च २०२५ ला आणि परत १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं होतं. तेव्हा ज्याच्या खिशात नोट होती त्याचं काम झालं.

कधी कधी साखळी मुद्दामही तोडली जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद केलं गेलं. अफवा थांबवायला केलं, ठीक. पण इंटरनेट बंद म्हणजे स्कॅन करणंही बंद. त्या दिवसांत घरात किराणा नाही, औषध संपलंय आणि पैसा सगळा फोनमध्ये, असा विचार करून बघा. आणि सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या वस्त्यांत नेट बंद करायला संचारबंदी लागत नाही. तिथं रेंजसाठी टेकाडावर चढणारी माणसं आजही भेटतील.

यावर उपाय अजिबात नाहीत असं नाही. साध्या बटणाच्या फोनवरून स्टार ९९ हॅश लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, तेही साध्या फोनसाठीच. पण खरं सांगा, तुमच्या ओळखीत किती जण ते वापरतात?

आता मी आमच्या शेतातली गोष्ट सांगतो, कारण हा विषय मला सगळ्यात जास्त तिथंच कळला.

आमच्याकडे कापूस आहे. वेचणीला गावातल्या बाया येतात, मजुरी किलोवर, हिशोब आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी. बाबांनी फोनवर पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा मी खूश होतो. चिल्लरची कटकट नाही, वहीत खाडाखोड नाही, सगळी नोंद आपोआप. पण त्यातल्या एका काकूंनी पहिल्याच आठवड्यात बाबांना सांगितलं, "भाऊ, मले त नोटच द्या. पोराच्या मोबाइलात गेले का माह्या हातात येतच नाहीत."

बघा, त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. खातं आहे, त्यांच्याच नावाचं, पण त्याला जोडलेला नंबर पोराचा. मजुरी पडली की मेसेज पोराला जातो. त्याला कळतं किती आले, कधी आले. मग त्यातून गाडीत पेट्रोल पडतं, नेटचा रिचार्ज होतो, आणि बाजाराच्या दिवशी काकूंनी त्याच्याकडे मागायचे. दिवसभर उन्हात वाकून वेचलेल्या कापसाचे पैसे, आणि मागायचे! नोट असली की ती थेट पदराच्या गाठीत जाते. त्यातून किती खर्चायचे, किती बचत गटात भरायचे, किती कुणाला न सांगता बाजूला ठेवायचे, ते काकू ठरवतात.

तेव्हापासून बाबा बाजाराच्या आधी पन्नास-शंभरच्या नोटा घेऊन येतात. ज्याला फोनवर हवे त्याला फोनवर, जिला नोट हवी तिला नोट.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की सिस्टिम बनवताना वापरणारा कोण ते आधी बघा. यूपीआय बनवताना धरलेला वापरणारा म्हणजे एक माणूस, त्याचा एक फोन, त्याचं एक खातं. आमच्या गावात मात्र एक फोन अख्ख्या घराचा असतो, आणि घरात तो कुणाच्या हातात असतो ते तुम्हाला माहीत आहेच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा जुन्या जमान्यातला झाला. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात. त्यासाठी बँकांसमोर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्यात. मध्ये वाटप करणारा कुणी नाही, पैसे खाणारा कुणी नाही, ही ताकद डिजिटलचीच. पुण्यात, सुरतेत कामाला गेलेला पोरगा आधी मनीऑर्डर करायचा, नाहीतर गावाकडे येणाऱ्या कुणाच्या हातून पाठवायचा. आता आजारी आईच्या औषधाचे पैसे दोन मिनिटांत पोचतात. आणि कापसाचा, सोयाबीनचा चुकारा खात्यावर आला तर तीन-चार लाखांची कॅश पिशवीत घालून मोटरसायकलवर गावी यायची भीती राहत नाही. हे सगळं खरं आहे, आणि ते मला गमवायचं नाही.

नोंदीचंही तसंच, तिच्याही दोन बाजू आहेत. फोनवर धंदा केला की नोंद राहते, त्यावर छोट्या दुकानदाराला कर्ज मिळायला मदत होते. पण नोंद राहते म्हणजे ती कुणीतरी बघतंही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. लगेच बंगळुरात दुकानांवर पाट्या लागल्या, यूपीआय नाही, फक्त रोख. देशाची सॉफ्टवेअरची राजधानी, बघा! कर भरायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण तेल, दूध, भाजी विकणाऱ्याच्या खात्यात जमा झालेला प्रत्येक रुपया म्हणजे त्याचा नफा नसतो, आणि दूध-भाजीसारख्या बऱ्याच मालावर कर लागतही नाही. हे आकडा बघणाऱ्या मशीनला कळत नाही.

आता कुणी म्हणेल, गावच कॅशलेस करून टाकू, लोक शिकतील आपोआप. हेही करून झालंय, आपल्याच महाराष्ट्रात. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात धसई नावाचं गाव आहे. १ डिसेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर महिन्याच्या आत, ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानात दुकानात स्वाइप मशीन बसली, वडापाववाल्याकडेसुद्धा. टीव्हीवाले आले, पेपरात आलं. पुढे काही काळाने पत्रकार परत गेले तेव्हा बहुतेक व्यवहार पुन्हा रोखीत चालले होते. वीज, नेट, कार्डावरचे चार्ज, अशी कारणं निघाली. धसईच्या लोकांना डोकं कमी होतं असं नाही. त्यांना जे सोयीचं होतं ते त्यांनी ठेवलं. पुढे क्यूआर आला, तो फुकट होता, सोपा होता, तेव्हा तो कुणी घोषणा न करता टपरीटपरीवर पोचला.

आणि खरं सांगू का, कॅशलेस गाव आपल्याला नवीन नाही. आपल्या पणजोबांचं गाव कॅशलेसच होतं! बलुतं आठवा. सुताराने वर्षभर औजारं दुरुस्त करायची, न्हाव्याने दाढ्या करायच्या, महाराने गावकीची कामं करायची, आणि सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. किती द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. नोट नाही, नाणं नाही, आणि गाव सोडायची सोयही नाही, कारण तुमची कमाई त्या गावाच्या बाहेर चालतच नव्हती. रेल्वे, गिरण्या आल्या, रोख मजुरी मिळायला लागली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा वाटलं की आपण इथून निघू शकतो. खिशातला रुपया कुठल्याही गावात रुपयाच असतो आणि तो कुणाचा आहे हे तो सांगत नाही. रोख पैशाकडे मागासलेपणा म्हणून बघणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

बाहेरच्या देशांत काय चाललंय तेही बघू. स्वीडनमध्ये रोख जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आता तिथलं सरकारच संकटकाळासाठी घरात थोडी रोख ठेवा असं नागरिकांना सांगतं, आणि २०२१ पासून मोठ्या बँकांना रोखीची सेवा द्यावीच लागते असा कायदा आहे. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे द्यायचा गिऱ्हाइकाचा हक्क पक्का केला. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये प्रचंड ब्लॅकआउट झाला, कार्ड चालेनात, आणि सुट्टे पैसे असलेल्यांनाच पाणी-ब्रेड घेता आलं. जे देश आपल्या पुढे गेले ते थोडे मागे वळून बघतायत.

मग ई-रुपयाचं काय? रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ ला सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. हा यूपीआयपेक्षा वेगळा आहे. यात आकडा फोनमध्येच असतो, पण तो बँकेचा शब्द नसून थेट रिझर्व्ह बँकेचं देणं असतं, नोटेसारखं. म्हणजे मलकापूरसारखं निर्बंधांचं संकट या पैशाला लागत नाही. हा मोठा फायदा आहे. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये असंही सांगितलं की यात प्रोग्रॅम करायची सोय तपासली जाईल. म्हणजे हा पैसा अमुक कामालाच, अमुक तारखेपर्यंतच चालेल, असं ठरवता येईल. कोडमध्ये हे अवघड नाही, मी सांगतो, चार अटी लिहिल्या की झालं. खताचं अनुदान खतावरच खर्च व्हावं, ऐकायला बरं वाटतं. पण त्याच आठवड्यात बैल आजारी पडला तर? नोट बैलाच्या डॉक्टरला चालते. अटी घातलेला रुपया कदाचित चालणार नाही. कास्तकाराच्या घरात कधी कशाला पैसा लागेल हे त्या घराइतकं कुणालाच माहीत नसतं.

तर माझं म्हणणं काय? सिस्टिमच्या भाषेत सांगतो. डिजिटल पैसा आपली मुख्य लाइन होऊ दे, पण रोख ही बॅकअप लाइन आहे. बॅकअप वापरात नसला की तो गंजतो. एटीएम रिकामी राहायला लागली, शाखा बंद झाल्या, दुकानदार नोट नाकारायला लागले, तर रोख कायद्याने बंद करावी लागणार नाही, ती आपोआप मरेल. आणि तेव्हा सगळ्यात आधी अडचणीत येतील त्या काकू. माझा फोन चालूच असेल. म्हणून किराणा, औषध, दवाखाना, एसटी इथं रोख घ्यायलाच हवी असा स्पष्ट नियम आपल्याकडेही व्हावा, असं माझं मत आहे.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करू शकतो, पटकन सांगतो.

घरात आठ-दहा दिवस निघतील एवढी रोख ठेवा, आणि पन्नास-शंभरच्या नोटांत ठेवा. पाचशेला सुट्टे मिळत नाहीत.

सगळी ठेव एकाच बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवू नका. पाच लाखांची मर्यादा घरच्यांना समजावून सांगा.

आईच्या खात्याला आईचाच नंबर जोडा. जुना बटणाचा फोन चालेल, सिम तिचं पाहिजे. पिन तिला स्वतः टाकायला शिकवा आणि तो तुम्ही विचारू नका.

मजुरी देत असाल तर आधी विचारा, कशी हवी? घेणाऱ्याने ठरवायचं.

आणि शेवटचं, नेहमीचंच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला की तो पैसे नेतोय. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

तुमच्या घरी मजुरी, चुकारा, पेन्शन कुणाच्या फोनवर येतं आणि खर्च कोण ठरवतं, हे आज संध्याकाळी एकदा बघा. आणि मला व्हॉइस नोट करून सांगा, वऱ्हाडीत बोललात तर अजून मजा येईल. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या. रामराम!